अंगठ्याची वाट

दोस्तांनो, तुमच्या घरात एखाद्या दाराला किंवा कपाटाला दुधी काच असेल, तर पुढचं वाचायच्या आधी एक गंमत करून बघा. नक्षीची काच नको, साधी दुधी हवी. तिची एक बाजू गुळगुळीत असते आणि दुसरी किंचित खरबरीत. हात साबणाने धुऊन कोरडे करा. मग एका बोटावर तोंडाने 'हाऽऽ' करून वाफ सोडा, म्हणजे ते जरासं दमट होईल. आता ते बोट आधी गुळगुळीत बाजूवरून ओढा आणि मग खरबरीत बाजूवरून.

काय झालं? गुळगुळीत बाजूवर बोट अडखळलं असेल. कदाचित चिर्र असा आवाजही आला असेल. खरबरीत बाजूवर मात्र ते सरळ सरकलं! आहे की नाही उलटंच? गुळगुळीत म्हणजे सुळकन घसरणारं, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. दमट बोटाला ते मान्य नाही.

या एवढ्याशा गोष्टीपायी माझ्या भाचीची गिटार सुटता सुटता राहिली. ती हकिगत मला तुम्हाला सांगायची आहे. तुमच्या आईबाबांनीही ती वाचावी असं मला वाटतं.

मी सांगलीला एका शाळेत विज्ञान शिकवते. माझी भाची डोंबिवलीला राहते. तिच्याकडे जी गिटार आहे ती तिच्या बाबांची, म्हणजे माझ्या दादाची. दादाने ती १९९४ साली नोकरीच्या पहिल्या पगारातून घेतली होती. कोलकात्यात बनलेली. तेव्हा आपण कलकत्ता म्हणायचो. अंगावर आणि मानेवर सगळीकडे चकचकीत पॉलिश, इतकं की त्यात ट्यूबलाइटची अख्खी पट्टी दिसायची. ऑफिसातून आला की चहा घेऊन दादा गिटार मांडीवर घ्यायचा. चार-पाच कॉर्ड्‌स येत होत्या त्याला, आणि त्यांच्यावर तो वाट्टेल ते गाणं बसवायचा.

२०१९ साली दादा गेला. गिटार खोळीत घालून कपाटावर ठेवली गेली. वहिनी दर दिवाळीला ती खाली काढायची, मऊ फडक्याने पुसायची आणि परत वर ठेवायची. वाजवायला कुणी नव्हतं. मग सातवीत असताना भाची एक दिवस म्हणाली, "आई, मला शिकायचीय." नव्या तारा बसवल्या, जवळच्या एका क्लासला नाव घातलं आणि दादाची गिटार पुन्हा बोलायला लागली.

दोन वर्षं छान गेली. नववीच्या सुरुवातीला, पावसाळ्यात, तिचा मला फोन आला. "आत्या, मी गिटार सोडतेय. माझा हातच गिटारचा नाहीये."

मी विचारलं, "हात गिटारचा नाही म्हणजे काय?"

"सगळ्या कॉर्ड्‌स येतात मला. पण वरच्या पट्टीवर जायचं झालं की अंगठा मागे राहतो. बाकीची मुलं पोचलेली असतात आणि मी अर्ध्या वाटेत. सर म्हणतात, अजून सराव कर. किती करू?"

ज्यांनी गिटार हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. गिटारला एक पोट असतं आणि एक लांब मान. मानेच्या पुढच्या अंगाला पट्टी असते. तिच्यावर धातूचे बारीक आडवे दांडे, म्हणजे फ्रेट, ठोकलेले असतात. डाव्या हाताची चार बोटं तिथं तारा दाबतात. अंगठा मात्र मानेच्या पाठीमागे टेकलेला असतो. तो कुणाला दिसत नाही, पण हात पट्टीवर खालीवर जातो तेव्हा मागच्या बाजूने त्यालाही तेवढाच प्रवास करावा लागतो. पहिल्या फ्रेटपासून सातव्या फ्रेटपर्यंत बोटांनी उडी मारायची असेल, तर अंगठ्याला मानेवरून सरकत जावं लागतं. तो अडकला की सगळा हात अडकतो.

भाचीच्या क्लासमधल्या एका मुलीकडे नवी गिटार होती. तिची मान चकचकीत नव्हती, मंद होती, जुन्या पाटीसारखी. दुकानदार त्याला सॅटिन किंवा मॅट म्हणतात. ती एकदा वाजवायला घेतली तर हात सर्रकन वर गेला. कुणीतरी सल्ला दिला, "मग तुझ्या गिटारचं पॉलिश खरवडून टाक. पॉलिशपेपर मारला की अर्ध्या तासात काम!"

भाचीने घरी येऊन हे सांगितलं आणि वहिनीचा चेहराच उतरला. "बाबांच्या गिटारला कुणी पॉलिशपेपर लावायचा नाही," एवढंच ती म्हणाली. भाची म्हणाली, "मग वाजवू कशी?" त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. दोन दिवस घरात कुणी धड बोललं नाही. गणपतीत मी डोंबिवलीला गेले तेव्हा गिटार पुन्हा खोळीत होती.

दोघींचंही मला पटत होतं. म्हणून मी ठरवलं, आधी नीट बघायचं आणि मग बोलायचं. शाळेत प्रयोगाच्या तासाला मी मुलांना हेच सांगते.

भाचीला म्हटलं, "वाजव. मी फक्त अंगठा बघणार." ती वाजवायला लागली. खालच्या तीन फ्रेटवर काही अडचण नव्हती. एका कॉर्डवरून दुसरीवर हात मजेत जात होता. वर जायला लागली की चौथ्या फ्रेटच्या आसपास अंगठा चिकटायचा, कातडी ओढली जायची आणि हात झटक्याने सुटायचा. तीनदा केलं, तीनदा तेच.

"खाली का चिकटत नाही गं?" मी विचारलं. ती थांबली. हे तिच्याही लक्षात आलं नव्हतं.

आम्ही गिटार उलटी केली आणि खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. मान वरपासून खालपर्यंत चमकत होती. फक्त पहिल्या ते तिसऱ्या फ्रेटच्या मागे एक लांबट डाग होता, साधारण दोन बोटं रुंद. तिथं चमक नव्हती. पॉलिश झिजून आतलं लाकूड उघडं पडलं होतं आणि तेही हात लागून लागून रेशमासारखं मऊ झालं होतं.

वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने डागावर बोट ठेवलं. "अगं, हा तर तिथंच वाजवायचा. चार कॉर्ड्‌स! वर जायचाच नाही कधी," असं म्हणून ती हसली. मग थोडा वेळ आम्ही तिघीही काही बोललो नाही.

दादाच्या अंगठ्याने पंचवीस वर्षांत नकळत एक प्रयोगच मांडून ठेवला होता! एकच गिटार, एकच मान, एकच हात. पॉलिश असलेल्या जागी अडकतो, नसलेल्या जागी सरकतो. म्हणजे भाचीचा हात 'गिटारचा नाही' हे खरं नव्हतं. दोष ना हाताचा, ना सरावाचा. आणि हे कळल्यावर पोरीचा चेहरा जो खुलला, तो मी विसरणार नाही.

आता असं का होतं ते बघू. आपल्या तळहातांवर आणि तळपायांवर घामाच्या ग्रंथी शरीरात सगळ्यात दाटीने असतात. उकाड्यात तर घाम येतोच, पण भीती वाटली तरी तळहात ओले होतात. परीक्षेत पेन निसटतं ना, तसंच. चकचकीत पॉलिशचा पृष्ठभाग अगदी सपाट असतो. सपाट असतो म्हणूनच तो आरशासारखा प्रकाश परत पाठवतो आणि चमकतो. घामाने कातडी थोडी मऊ होते आणि अशा सपाट जागेवर पूर्ण पसरून बसते. जितकी जागा जास्त टेकेल तितकं घर्षण जास्त. त्यात घामाचा पातळ थर दोघांना धरून ठेवतो. काचेच्या दोन ओल्या पट्ट्या एकमेकींवर ठेवून ओढून बघा, किती घट्ट बसतात!

सॅटिन पॉलिशमध्ये काय वेगळं असतं? पॉलिशच्या द्रवात सिलिकाची अतिशय बारीक पूड मिसळतात. वाळल्यावर पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे तयार होतात. त्यांच्यावरून प्रकाश चहूकडे विखुरतो, म्हणून ते मंद दिसतं. आणि अंगठा फक्त उंचवट्यांच्या टोकांवर टेकतो, म्हणून तो कमी चिकटतो. म्हणजे चमक घालवणारी गोष्ट आणि हात सरकवणारी गोष्ट एकच! दुधी काचेचंही हेच आहे.

मग तुम्ही विचाराल, पॉलिश मुळात लावायचंच कशाला? कोरं लाकूड ठेवलं तर? काही मोठे वादक तसंच ठेवतात. अमेरिकेतला प्रसिद्ध गिटारवादक एडी व्हॅन हॅलन (तो २०२० साली वारला) याला गिटारच्या मानेवर पॉलिश आवडत नसे. त्याला हाताखाली कोरं लाकूड लागायचं. व्हायोलिनकडे बघा. सगळं अंग वॉर्निशने झळकत असतं, पण मानेवर, जिथे वादकाचा हात खालीवर फिरतो, तिथे कारागीर शतकानुशतकं वॉर्निश लावत नाहीत. लाकूड घोटून मऊ करतात आणि फार तर तेलाचा हलका हात देतात. त्यामागचा विचार हाच.

पण कोऱ्या लाकडाचीही एक अडचण असते. लाकूड पाणी पितं. पावसाळ्यात ते हवेतला ओलावा घेऊन फुगतं, कोरड्या दिवसांत आकसतं. दिवाणखान्याचं दार जुलैत घट्ट का होतं, ते आठवा. गिटारची मान अशी फुगली-आकसली की तिला बारीकसा बाक येतो आणि तारांची उंची बदलते. शिवाय हाताचा घाम आणि मळ लाकडात शिरला की ते काळवंडतं. गिटारच्या माना बऱ्याचदा मेपल नावाच्या फिकट लाकडाच्या असतात. त्यावर मळ लगेच दिसतो. पुढची पट्टी शिसवीची असली तर ती बहुधा बिनपॉलिशचीच ठेवतात. शिसवीचं लाकूड घट्ट आणि मुळातच तेलकट, शिवाय गडद, त्यामुळे त्याला पॉलिशची फारशी गरज नसते. आपल्या सह्याद्रीत वाढणारी शिसवी जगभरच्या गिटारींच्या पट्ट्यांना वापरली जाते, हे तुम्हाला ठाऊक होतं का?

म्हणजे पॉलिश हा लाकडाचा रेनकोट आहे. रेनकोट काढला की मोकळं वाटतं, पण पाऊस आला की भिजायला होतं.

रेनकोटचेही प्रकार असतात. कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावी फेंडर कंपनीने १९५४ साली 'स्ट्रॅटोकास्टर' ही प्रसिद्ध इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली. तेव्हा तिच्या मानेवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असायचं. हे लॅकर पातळ असतं. वर्षानुवर्षं हात लागला की झिजतं आणि पिवळसर पडतं. पुढे १९६०च्या दशकाच्या अखेरीस जाड आणि टणक पॉलिएस्टर पॉलिश आलं. ते सहसा झिजत नाही, घामाने खराब होत नाही, पण दमट हाताला चिकटतं. स्पेनमध्ये चांगल्या क्लासिकल गिटारींना जे पॉलिश हाताने चढवतात ते तर लाखेचं. लाख म्हणजे आपल्याकडे झारखंड-छत्तीसगडच्या झाडांवर एक इवलासा किडा तयार करतो तीच! सुताराकडे चपडी बघितली असेल ना तुम्ही? ती स्पिरिटमध्ये विरघळवली की झालं लाखेचं पॉलिश. आणखी एक तेलाचा प्रकार आहे. लाकडात तेल मुरवून वर मेण घोटायचं. हात छान सरकतो, पण तेल-मेण अधूनमधून पुन्हा द्यावं लागतं.

एवढं सगळं मी त्या दोघींना सांगितलं. भाची म्हणाली, "म्हणजे बाबांचं पॉलिश वाईट?" मी म्हटलं, "छे! चकचकीत मान पुसायला सोपी, मळत नाही, लाकूड सांभाळते. कोरड्या हवेत किंवा ज्याचे हात कोरडे असतात त्याला ती चिकटतही नाही. तुझा हात दमट, डोंबिवलीची हवा दमट, म्हणून तुला चिकटते."

मग आम्ही एक यादी केली. जे परत फिरवता येतं ते आधी करायचं. जे परत फिरवता येत नाही ते सगळ्यात शेवटी. ही यादी मी तुम्हालाही देते.

पहिलं, वाजवायच्या आधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे. वडा खाऊन लगेच गिटार घ्यायची नाही!

दुसरं, मान पुसायची. सुती फडकं जरासं ओलं करून, घट्ट पिळून मानेच्या मागून फिरवायचं आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसायचं. जुन्या घामाचा थर बसलेला असतो, तोही चिकटतो. दादाच्या गिटारच्या वरच्या भागात असा थर होताच. फडकं करडं झालं.

तिसरं, अंगठ्याचा दाब कमी करायचा. जितकं जोरात दाबाल तितकं घर्षण जास्त. तारा बोटांनी दाबायच्या असतात, अंगठा फक्त मागे आधाराला असतो. वर जायच्या क्षणी अंगठा अगदी सैल सोडायचा. चिकटतो म्हणून भाची घाबरायची, घाबरली की घट्ट धरायची आणि घट्ट धरलं की जास्तच चिकटायचं!

चौथं, जवळ रुमाल ठेवायचा. दोन गाण्यांच्या मध्ये हात पुसायचे. पावडर लावायचा मोह होईल, कॅरमच्या बोर्डावर टाकतो तशी. जराशी टाल्कम पावडर अंगठ्याला लावणारे वादक आहेत, पण ती घामात कालवली की तिची पिठूळ लगदी होते आणि तारांना बसते. कॅरमची पावडर तर मुळीच नको.

आणि पाचवं, पॉलिशपेपर. याच्यापुढे वहिनीने कंसात लिहिलं : विचारल्याशिवाय नाही.

पहिल्या चार गोष्टींनी बराच फरक पडला. गिटार खोळीतून बाहेर आली, क्लास सुटला नाही. दिवाळीच्या सुट्टीत भाची गिटार घेऊन सांगलीला आली तेव्हा तर कमालच झाली. अंगठा जवळजवळ चिकटेना. "आत्या, तुझ्या घरात काय जादू आहे का?" मी म्हटलं, जादू कसली, इथली हवा आता कोरडी आहे.

सांगलीपासून मिरज अगदी जवळ. मिरजेच्या सतारी आणि तानपुरे किती नावाजलेले आहेत ते तुम्हाला माहीत असेल. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. मी भाचीला तिथल्या सतारमेकर गल्लीत घेऊन गेले. पंढरपूरकडून येणारे मोठमोठे भोपळे छताला टांगलेले, जमिनीवर भुशाचा थर आणि हवेत स्पिरिटचा वास. सतारीलाही मान असते, तिला दांडी म्हणतात, आणि सतार वाजवणाऱ्याचा अंगठाही तिच्या पाठीमागून सरकत असतो. म्हणून एका वयस्कर कारागिरांना आम्ही गिटार दाखवली.

त्यांनी मानेवरून अंगठा फिरवला. दादाच्या डागापाशी थांबले. "हे कुणी घासलेलं नाही. हे हातानं झालंय," ते लगेच म्हणाले. "कुणाचा हात?"

"माझ्या बाबांचा," भाची म्हणाली.

त्यांनी मान हलवली. मग कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून मानेच्या अगदी टोकाला, न दिसणाऱ्या जागी टेकवला. पॉलिश विरघळलं नाही. "लाखेचं नाही हे. लाखेचं असतं तर बोळा लगेच चिकट झाला असता. हे फवाऱ्याचं पॉलिश आहे. सगळं काढशील तर लाकूड पाणी पिणार, मान वाकडी होणार. बाळ, काढायला अर्धा तास लागतो, चढवायला आमचे आठ-आठ दिवस जातात. काढू नकोस. फक्त वरची चमक मार. पॉलिश राहू दे."

चमक मारायची, पॉलिश राहू द्यायचं! म्हणजे रेनकोट काढायचा नाही, नुसता त्याचा वरचा गुळगुळीतपणा घालवायचा. आमच्या यादीत हे नव्हतं.

भाचीने त्याच रात्री वहिनीला फोन करून सगळं सांगितलं. वहिनी म्हणाली, "आत्ता नको. आता थंडी आहे, हात चालतोय. उन्हाळ्यात परत त्रास झाला तर बघू." मला वाटलं, ती टाळतेय. तसं नव्हतं. मे महिन्यात डोंबिवलीचा उकाडा सुरू झाला, अंगठा पुन्हा अडकायला लागला आणि एका रविवारी वहिनीनेच मला फोन केला. "त्या कारागिरांनी सांगितलेलं ते कसं करायचं गं? हिला नीट कळलंय ना?"

मी म्हटलं, "वहिनी, तुमची तयारी आहे ना? एकदा घासलं की ती चमक परत येणार नाही."

वहिनी म्हणाली, "खालचा भाग सोडून करायचं. तो जिथं वाजवायचा तिथं हात लावायचा नाही. वर हिचं आहे. तिथं तो कधी गेलाच नव्हता."

मग तिनेच हार्डवेअरच्या दुकानातून एक हजार नंबरचा वॉटर पेपर आणला. तिसऱ्या फ्रेटच्या मागे, जिथं दादाचा डाग संपतो, तिथं कागदी चिकटपट्टी लावली. तिथून नवव्या फ्रेटपर्यंत भाचीने पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने, अगदी हलक्या हाताने फिरवला. आडवा नाही, गोल नाही. दर दहा-बारा हातांनंतर पुसून बघायचं. पांढरी पूड निघाली म्हणजे नुसतं पॉलिश निघतंय. लाकडाच्या रंगाची पूड दिसायला लागली की थांबायचं, पण तोवर जायचंच नाही. दहा मिनिटांत चमक गेली, मान दुधी काचेसारखी मंद झाली आणि पॉलिश जागच्या जागी राहिलं. वहिनी पूर्ण वेळ शेजारी बसून होती.

भाचीने गिटार घेतली, खालची कॉर्ड धरली आणि वर गेली. हात वेळेवर पोचला. तिने पुन्हा केलं, पुन्हा पोचला. मला हे फोनवर ऐकू आलं. मधला तो अडखळल्याचा आवाज नव्हता.

हे कायमचं नाही, हेही मी तिला सांगून ठेवलंय. सॅटिनचे बारीक उंचवटे हात लागून लागून झिजतात आणि ती जागा पुन्हा चमकायला लागते. जात्याचा लाकडी खुंटा किंवा जुन्या वाड्यातल्या जिन्याचा कठडा आठवा. सुताराने त्यांना चमकवलेलं नसतं, माणसांच्या हातांनी चमकवलेलं असतं. भाचीचा अंगठा जिथं सगळ्यात जास्त फिरेल तिथं काही वर्षांनी तिचा स्वतःचा चमकता डाग तयार होईल. तेव्हा हवं तर पेपरचे दोन हात पुन्हा द्यायचे. पण दर वेळी पॉलिश थोडं पातळ होतं, म्हणून उगाच नाही.

आईबाबांनो, मूल एखादं वाद्य, एखादी बॅट, एखादी सायकल 'मला जमत नाही' म्हणून बाजूला ठेवतं, तेव्हा 'सराव कर' म्हणण्याआधी ती वस्तू एकदा स्वतःच्या हातात घेऊन बघा. सराव लागतोच, पण कधी कधी अडचण वस्तूत असते आणि मूल दोष स्वतःच्या हाताला देत बसतं.

आणि दोस्तांनो, तुम्ही गिटार घ्यायला दुकानात जाल तेव्हा नुसता आवाज ऐकून किंवा रंग बघून ठरवू नका. दहा मिनिटं वाजवा, हात जरा दमट होऊ द्या आणि मग अंगठा मानेच्या मागून वरपासून खालपर्यंत फिरवा. दुकानात एसी असला तर थोडं जास्त वेळ वाजवा, कारण घरी एसी नसेल! एखाद्याला चकचकीत मानच आवडेल, एखाद्याला मंद. मित्राला आवडली म्हणून तीच घ्यायची गरज नाही. अंगठा तुमचा आहे, त्यालाच विचारा.